पुण्यात गाडीचं ॲव्हरेज कसं काढायचं आणि आलेला आकडा कसा वाचायचा

पहिली गाडी दारात उभी राहिली की महिन्याभरात एक प्रश्न हमखास येतो, "किती ॲव्हरेज देते?" पार्किंगमधले काका विचारतात, ऑफिसातले विचारतात, लग्नकार्यात भेटलेला मावसभाऊ विचारतो. उत्तर द्यायची वेळ आली की कोणी डॅशबोर्डवरचा आकडा सांगतं, कोणी शोरूममध्ये ऐकलेला. काही जण मात्र काळजीत पडतात. "सांगितले होते बावीस, मिळतायत बारा. गाडीत काहीतरी दोष आहे." मग सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या, इंजेक्टर क्लीनिंगचा खर्च, पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटल्या.

गेली बरीच वर्षं मी पुण्यात गाडी चालवतो आणि प्रत्येक वेळी भरलेल्या इंधनाची नोंद ठेवतो. ओळखीत कोणी गाडी घेतली की त्याला हे सगळं तोंडी सांगत बसतो. तेच इथे नीट क्रमाने लिहितो आहे. यात लागणारं गणित शाळेतलं आहे. मोजमाप मात्र शिस्तीने करावं लागतं, आणि आलेला आकडा रस्त्याशी जोडून वाचावा लागतो. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यावर मी जास्त लिहिलं आहे.

जवळ काय काय हवं

- गाडीचं मॅन्युअल (टाकीची क्षमता, टायरची साइज आणि हवेचा दाब बघायला)
- एक छोटी वही किंवा मोबाइलमधली नोट
- पेट्रोल पंपाची छापील बिलं. या कागदावरची शाई दोन-तीन महिन्यांत उडते, म्हणून भरल्या भरल्या फोटो काढून ठेवा
- टायरची हवा तपासायचा साधा गेज
- गाडी सेकंडहँड असेल तर आधीच्या सर्व्हिसची बिलं

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं छोटं यंत्र) असला तर पुढे उपयोगी पडेल, पण सुरुवातीला त्याची गरज नाही.

१. शोरूममधला आकडा कुठून येतो ते आधी समजून घ्या

जाहिरातीतला आकडा रस्त्यावर गाडी पळवून काढलेला नसतो. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चढवतात आणि ठरवून दिलेल्या वेगांच्या तक्त्याप्रमाणे चालवतात. कोणत्या सेकंदाला किती वेग, कधी थांबायचं, कधी गिअर बदलायचा, सगळं आधीच ठरलेलं. ही चाचणी सुमारे वीस मिनिटांची असते, जास्तीत जास्त वेग ताशी ९० किलोमीटर. आजवर जाहिरातीत ऐकत आलेले आकडे असे, एसी बंद ठेवून काढलेले आहेत. त्यात चढ नाही, खड्डे नाहीत, मागच्या सीटवर तिघं जण नाहीत.

अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था आपल्या पुण्यातच आहे. सकाळी फिरायला जाणारे ज्या टेकडीला एआरएआय टेकडी म्हणतात, ती हीच. चाचणी खोटी नाही. दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला तिचा उत्तम उपयोग होतो, कारण दोघींना परिस्थिती अगदी सारखी मिळते. तुमच्या कोथरूड-हिंजवडी रस्त्यावर मात्र तो आकडा यावा अशी अपेक्षा धरू नका. शोरूमच्या आकड्यावरून दोष ठरवायचाच नाही, एवढं या टप्प्यावर पक्कं करा.

२. टाकी फुल करा, पण पहिल्या कटला थांबा

याला सगळे "टाकी टू टाकी" म्हणतात. आज टाकी पूर्ण भरायची, गाडी नेहमीसारखी वापरायची आणि पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरायची. दुसऱ्या वेळी जेवढं इंधन गेलं, तेवढंच मधल्या प्रवासात जळलं.

सगळा खेळ "पूर्ण भरणे" या दोन शब्दांवर आहे, म्हणून पंपावर काय करायचं ते तपशिलात सांगतो.

गाडी लावली की सांगा, "फुल करा, पहिल्या कटला थांबवा." नोझलच्या टोकाला एक बारीक छिद्र असतं. टाकीतलं पेट्रोल तिथवर आलं की नोझल खट्कन बंद होतं. हा पहिला कट. इथे थांबायचं. पण पंपावरचे दादा सवयीने विचारतात, "साहेब, राउंड फिगर करू का?" आणि उत्तर यायच्या आत आणखी दोन-तीन वेळा दाबतात. त्यात कधी पाव लिटर जातं, कधी एक लिटर, आणि मापाची शिस्त तिथेच मोडते. शिवाय गळ्यापर्यंत पेट्रोल भरणं गाडीलाही चांगलं नाही. टाकीत तयार होणारी वाफ शोषून घ्यायला कोळशाचा एक डबा बसवलेला असतो. त्यात पातळ पेट्रोल शिरलं तर तो खराब होतो आणि बदलायला महाग पडतो. म्हणून राउंड फिगरला शांतपणे नाही म्हणा. पैसे ऑनलाइनच देता, सुट्ट्यांचा प्रश्न येतो कुठे?

एकच पंप ठरवून घ्या, जमलं तर तेच मशीन आणि त्याच बाजूचं नोझल. पंपाची फरशी थोडी उतरती असली तरी टाकीतली पातळी बदलते आणि कट लवकर किंवा उशिरा पडतो. पेट्रोल फार जोरात सोडलं तरी फेस होऊन कट आधी पडतो, डिझेलमध्ये तर जास्तच. भरायला सुरुवात होताना मीटर शून्यावर आहे ना, हे बघाच.

इथे दोन गैरसमज मोडून टाकतो.

पहिला असा की, पहाटे भरलं तर पेट्रोल जास्त मिळतं. पेट्रोलचं आकारमान एका अंशाला साधारण ०.१ टक्का बदलतं. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दुपारी आणि पहाटे फारसं वेगळं नसतं. पहाटे गर्दी नसते, एवढाच फायदा.

दुसरा: "माझी टाकी ३७ लिटरची आणि बिल ३९ लिटरचं, म्हणजे पंपाने लुटलं." मॅन्युअलमधली क्षमता काठोकाठची नसते. वर वाफेसाठी मोकळी जागा सोडलेली असते आणि भरायच्या नळीतही इंधन मावतं. त्यामुळे असं बिल येऊ शकतं. तरीही शंका असेल तर भांडण नको. शिक्का असलेलं पाच लिटरचं माप पंपावर ठेवावंच लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर मोजून दाखवावं लागतं. तो तुमचा हक्क आहे, सरळ मागा.

३. नोंद कशी ठेवायची

टाकी फुल झाली की पंपावरून हलण्याआधी ट्रिप मीटर ए (शून्य करता येणारा किलोमीटरचा आकडा) शून्य करा आणि मुख्य ओडोमीटरचं, म्हणजे गाडीच्या एकूण किलोमीटरचं, रीडिंगही लिहा. नुसत्या ट्रिप मीटरवर विसंबू नका. घरातलं दुसरं कोणी गाडी घेऊन गेलं आणि चुकून बटण दाबलं गेलं, तर सगळं मुसळ केरात.

प्रत्येक वेळी एवढं लिहायचं: तारीख, ओडोमीटर, लिटर, पूर्ण भरलं की अर्धवट. त्यापुढे एक-दोन शब्द रस्त्याबद्दल, "रोज ऑफिस", "सातारा जाऊन-येऊन", "पाऊस, खूप ट्रॅफिक", असे. आणि गाडी दाखवत असेल तर त्या टाकीचा सरासरी वेग. हा शेवटचा रकाना बहुतेक जण ठेवत नाहीत. माझ्या मते तो सगळ्यात उपयोगाचा आहे. का, ते सातव्या टप्प्यात येईल.

मध्येच घाईत पाचशेचं टाकलं तर काही बिघडत नाही. ते लिटर लिहून ठेवा, ट्रिप मीटर तसाच चालू द्या आणि पुढच्या फुल टाकीच्या लिटरमध्ये ते मिळवा. विसरलात तर मात्र ती टाकी हिशेबातून काढून टाका, अंदाजाने आकडा लिहू नका.

४. भागाकार

समजा अशी नोंद आहे:

ओडोमीटर १२,३४०. टाकी फुल. इथून सुरुवात.
ओडोमीटर १२,७९२. फुल, ३१.४ लिटर.
ओडोमीटर १३,२५१. फुल, २९.८ लिटर.
ओडोमीटर १३,६५५. फुल, ३२.९ लिटर.

पहिल्या टप्प्यात ४५२ किलोमीटर झाले आणि ३१.४ लिटर लागले, म्हणजे १४.४. दुसऱ्यात ४५९ भागिले २९.८, म्हणजे १५.४. तिसऱ्यात ४०४ भागिले ३२.९, म्हणजे १२.३. भागायचं ते आत्ता भरलेल्या लिटरने. बरेच जण मागच्या वेळी भरलेल्या लिटरने भागतात, ते चूक.

आता एकूण ॲव्हरेज काढायला १४.४, १५.४ आणि १२.३ यांची बेरीज करून तीनने भागू नका. एकूण किलोमीटर १,३१५, एकूण लिटर ९४.१, म्हणजे १३.९७. या उदाहरणात दोन्ही पद्धतींनी जवळपास सारखंच येतं, पण आकडे लांब असले की फसगत होते. ३०० किलोमीटर गर्दीत १०च्या ॲव्हरेजने गेलात आणि ३०० हायवेला २०ने, तर सरासरी १५ नाही. लागलं ३० अधिक १५, म्हणजे ४५ लिटर. ६०० भागिले ४५ म्हणजे १३.३.

एका टाकीवर निकाल देऊ नका. कट थोडा इकडेतिकडे पडला तर अर्धा ते एक लिटर फरक सहज पडतो. तुम्ही आठच लिटर भरले असतील तर एक लिटरची चूक म्हणजे बारा टक्क्यांहून जास्त. १६ देणारी गाडी १४ची वाटेल किंवा १८ची. पस्तीस लिटरमध्ये तीच चूक तीन टक्क्यांच्या आत येते आणि पाच टाक्यांच्या एकत्र हिशेबात जवळजवळ नाहीशी होते. म्हणून पाव टाकी उरेपर्यंत थांबा, मग भरा. आणि निदान चार-पाच टाक्या होईपर्यंत कोणालाही आकडा सांगू नका.

नवी गाडी असेल तर पहिले हजारेक किलोमीटर तसेही बाजूला ठेवा. इंजिन मोकळं व्हायला तेवढं लागतं.

५. किलोमीटर खरे आहेत ना?

लिटर नीट मोजले, पण किलोमीटरच चुकले तर काय उपयोग? स्पीडोमीटर प्रत्यक्षाहून थोडा जास्त वेग दाखवतो, हे मुद्दाम तसंच ठेवलेलं असतं. ओडोमीटर बराच अचूक असतो, पण एका बाबतीत गडबड होते, ती म्हणजे टायर. सेकंडहँड गाडीला आधीच्या मालकाने हौसेने मोठे टायर बसवले असतील, तर चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते आणि ओडोमीटर कमी मोजतो. मग गाडी बरी असूनही ॲव्हरेज कमी दिसतं. टायरच्या बाजूला छापलेली साइज आणि मॅन्युअलमधली साइज एकच आहे का, आधी बघा.

तपासायचं असेल तर हायवेवरचे किलोमीटरचे दगड वापरा. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर फलक नियमित आहेत. शेजारी बसलेल्याला काम सांगा, चालवणाऱ्याने हे करायचं नाही. एका फलकापाशी रीडिंग घ्यायचं, वीस किलोमीटर पुढच्या फलकापाशी पुन्हा घ्यायचं. ओडोमीटरने १९.६ दाखवले तर तुमचे किलोमीटर दोन टक्क्यांनी कमी मोजले जातायत. हिशेबात तेवढे वाढवून घ्या, विषय संपला.

६. डॅशबोर्डवरच्या आकड्याचं काय करायचं

गाडी इंधन प्रत्यक्ष मोजत नाही. इंजिनात इंधन सोडणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून ती हिशेब मांडते, आणि तो बहुतेकदा थोडा उजवा असतो. चार-पाच टाक्यांनंतर तुमचा आकडा आणि डॅशबोर्डचा आकडा शेजारी ठेवा. डॅशबोर्ड १५ दाखवतोय आणि तुमचा हिशेब १४ येतोय, तर तुमच्या गाडीत साधारण सात टक्के फरक आहे. हा फरक बराचसा कायम राहतो. एकदा कळला की रोजच्या बघण्याला डॅशबोर्ड पुरतो.

७. पुण्याचा रस्ता आकड्यात कसा दिसतो

इथे थोडं थांबून वाचा, कारण "गाडीत दोष आहे" म्हणणाऱ्या बहुतेकांचं उत्तर या टप्प्यात आहे.

उभी गाडीही पेट्रोल पिते. छोटी पेट्रोल गाडी नुसती चालू ठेवली तर तासाला अर्धा-पाऊण लिटर लागतं, एसी लावला की लिटरच्या जवळ जातं. आता कोथरूडहून हिंजवडीला निघालात असं धरा. अंतर सतरा किलोमीटर. चांदणी चौक झाला, बाणेर-बालेवाडी झालं, वाकडला गाड्यांच्या रांगेत अडकलात, भूमकर चौकात पुन्हा अडकलात. एकूण सत्तर मिनिटं लागली आणि त्यातली पंचवीस मिनिटं गाडी जागेवर उभी होती. एसी चालू.

गाडी चालत असताना १५ देते असं समजू. सतरा किलोमीटरला १.१३ लिटर. उभ्या उभ्या पंचवीस मिनिटांत गेलं साधारण ०.३८ लिटर. एकूण १.५१. म्हणजे ॲव्हरेज ११.३. गाडी तीच आहे, इंजिन ठणठणीत आहे आणि हातही तेच आहेत. सगळा फरक थांबण्याने पाडला.

त्यात पुन्हा पुन्हा ब्रेक दाबणं आहे. दर वेळी गाडीला वेग द्यायला जे पेट्रोल जाळलं, ते ब्रेकमध्ये उष्णता होऊन उडून जातं. म्हणून मी सरासरी वेगाचा रकाना ठेवायला सांगतो. वरच्या प्रवासाचा सरासरी वेग ताशी १४-१५ येतो. सकाळी साडेसहाला हाच रस्ता पकडा, सरासरी वेग दुप्पट होईल आणि ॲव्हरेजही वर जाईल. वहीत दोन्ही आकडे शेजारी ठेवले की काही महिन्यांत तुमच्या गाडीचा स्वभाव कळतो. सरासरी वेग १५ असताना १२ मिळणं ठीक, सरासरी वेग ३५ असताना १२ मिळालं तर मात्र काहीतरी बिघडलंय. हा रकाना नसेल तर या दोन गोष्टी वेगळ्या ओळखूच येत नाहीत.

दुसरं, छोट्या फेऱ्या. घरातून मंडईत, मंडईतून मुलांच्या क्लासला, तिथून घरी. प्रत्येक फेरी दोन-तीन किलोमीटरची. थंड इंजिन सुरुवातीला पेट्रोल जास्त घेतं, ऑइलही घट्ट असतं, आणि ते गरम होईतो तुम्ही पोचलेले असता. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी हे जास्त जाणवतं. ज्यांची गाडी फक्त पेठांमध्ये फिरते त्यांना ९-१० मिळणं हा गाडीचा दोष नाही. जमतील तेवढ्या फेऱ्या जोडून एकदाच करा, फरक वहीत दिसेल.

सिग्नलला क्लच दाबून, गिअरमध्ये टाकून उभं राहायची सवय असेल तर सोडा. त्याने क्लचचं बेअरिंग झिजतं. न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा. सिग्नलच्या घड्याळात मिनिटभर उरलं असेल तर इंजिन बंदच करा, इंजेक्शनच्या (म्हणजे कार्बुरेटर नसलेल्या) गाडीला पुन्हा चालू करायला फारसं पेट्रोल लागत नाही.

हायवेवर गणित उलटं होतं. तिथे शत्रू हवा. वेग ८० वरून १०० केला की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. बहुतेक छोट्या गाड्या टॉप गिअरमध्ये ७० ते ८०च्या आसपास सगळ्यात चांगलं ॲव्हरेज देतात. छतावर कॅरिअर कायम लावलेलं असेल तर लागत नसताना काढून ठेवा.

८. घाट: चढताना किती जातं, उतरताना किती परत मिळतं

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे आणि मुंबई समुद्रालगत. म्हणून मुंबईला जाताना ॲव्हरेज चांगलं येतं, परतताना कमी. माणसं, सामान धरून बाराशे किलोची गाडी साडेपाचशे मीटर वर उचलायला, इंजिनाचा अकार्यक्षमपणा धरून, अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल जास्तीचं लागतं. उतरताना त्यातलं थोडंच परत मिळतं, बाकीचं ब्रेकमध्ये जातं. त्यामुळे "पुण्याहून मुंबईला २२ मिळाले" हा आकडा एकटा निरुपयोगी आहे. जाऊन-येऊन पूर्ण हिशेब करा, आणि टाकी दोन्ही वेळा पुण्यातल्या तुमच्या नेहमीच्या पंपावरच भरा. कोल्हापूर जवळपास पुण्याच्याच उंचीवर आहे. त्यामुळे मध्ये खंबाटकी घाट असला तरी त्या रस्त्याचा एका बाजूचा आकडाही बऱ्यापैकी विश्वासाचा असतो.

आता कळकळीची सूचना. उतारावर पेट्रोल वाचेल म्हणून गाडी न्यूट्रलवर सोडू नका. कोणी कितीही अनुभवी माणसाने सांगितलं तरी नाही. एक तर त्याने पेट्रोल वाचतच नाही. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की उतारावर चाकंच इंजिन फिरवतात आणि संगणक इंजेक्टर बंद करतो. त्या वेळी खप शून्य असतो. ज्या गाड्या त्या क्षणाचं ॲव्हरेज दाखवतात, त्यांचा काटा तेव्हा शेवटाला टेकलेला दिसेल. न्यूट्रल केलं की इंजिन स्वतःच्या ताकदीवर चालू ठेवायला पुन्हा पेट्रोल लागतं. म्हणजे न्यूट्रलला खप जास्तच.

आणि मुख्य म्हणजे जीव. न्यूट्रलवर इंजिनाचा रोध राहत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर जे भीषण अपघात होतात, त्यांच्यामागे अवजड गाड्या न्यूट्रलवर सोडल्याचं कारण वारंवार पुढे आलं आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.

९. सीएनजी, डिझेल आणि इथेनॉल

सीएनजी किलोत मिळतो, पेट्रोल लिटरमध्ये. एक किलो सीएनजीत एक लिटर पेट्रोलपेक्षा जवळपास दीडपट ऊर्जा असते. म्हणून "पेट्रोलला १७, सीएनजीला २५" यात गाडी सुधारली असं काही नाही. तुलना करायची तर किलोमीटरला किती रुपये लागले याची करा. दुसरं, सीएनजीची टाकी "फुल" कधीच एकसारखी होत नाही. पंपावरचा दाब कमी असला किंवा उन्हाने टाकी तापली असली की गॅस कमी बसतो. त्यामुळे एका भरण्यावरून काहीच कळत नाही. दहा वेळचा एकत्र हिशेब करा, आणि गाडी सुरू होताना जे पेट्रोल वापरते ते वेगळं लिहा.

बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि साठलेली काजळी जाळायला गाडी अधूनमधून जास्त डिझेल घेते. शहरात हळूहळू फिरणाऱ्या गाडीला हे वरचेवर करावं लागतं. एखादी टाकी अचानक कमी आली तर आधी हे आठवा.

पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश, त्यामुळे निव्वळ पेट्रोलच्या मानाने ऊर्जा सहा-सात टक्के कमी भरते. दहा टक्के इथेनॉलच्या तुलनेत तीन-साडेतीन टक्के. आधीच्या मालकाने पाच-सहा वर्षांपूर्वीचे आकडे सांगितले असतील तर तेवढी सूट द्या. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घालून साध्या इंजिनाचं ॲव्हरेज वाढत नाही, ते पैसे वाचवा.

१०. खरंच कमी येत असेल तर, या क्रमाने बघा

चार-पाच टाक्या झाल्या, रस्ता तोच, सरासरी वेग तोच, आणि तरीही आकडा आधीपेक्षा दहा टक्के किंवा जास्त पडलाय. आता गाडीकडे वळायचं.

हवा आधी. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतं, त्यावरचा आकडा पाळा. सकाळी, टायर थंड असताना तपासा. हवा पंपावर फुकट मिळते. नुसत्या हवेने ॲव्हरेज तीन-चारने पडत नाही, पण इतकी सोपी दुरुस्ती दुसरी नाही, आणि टायरही टिकतात.

मग ब्रेक. दहा-पंधरा किलोमीटर चालवून, शेवटी फारसा ब्रेक न दाबता थांबा आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या. टेकवू नका, नुसती धग बघा. एकाच चाकातून जास्त धग येत असेल, तर त्या चाकाचा ब्रेक चिकटतोय. पावसाळ्यानंतर आणि बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत हे बरेचदा सापडतं. सपाट जागी न्यूट्रल करून ढकलली तर गाडी जड जाते, यावरूनही कळतं.

त्यानंतर इंजिनाचं तापमान. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत थंड पाणी अडवणारी झडप) उघडाच अडकला तर इंजिन नीट तापत नाही, संगणकाला वाटतं गाडी अजून थंड आहे आणि तो पेट्रोल जास्त देत राहतो. काट्याने किंवा स्कॅनरने बघा. नेहमीच्या चालीत बहुतेक गाड्या ८५ ते ९५ अंशांत राहतात. वीस मिनिटं चालवूनही ७० वर अडकली असेल तर दुखणं सापडलं. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बिघडला की बहुतेकदा इंजिनचा पिवळा दिवा लागतो. तो दिवा लागला असेल तर दुर्लक्ष करू नका.

एअर फिल्टर, स्पार्क प्लग, ऑइल हे सर्व्हिसच्या वेळापत्रकाप्रमाणे बदला. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच घाला, "जाड ऑइल चांगलं" म्हणून दुसरं घालू नका. इंजेक्शनच्या गाडीत मळक्या एअर फिल्टरने ताकद कमी होते, ॲव्हरेज फार पडत नाही.

११. सर्व्हिस सेंटरला जाताना

"ॲव्हरेज देत नाही" एवढंच सांगितलं तर समोरून उत्तर येतं, "ट्रॅफिकमुळे असेल, सर." त्यांनाही दुसरं काही म्हणायला तुम्ही जागा ठेवलेली नसते. वही न्या, बिलांचे फोटो न्या. असं सांगा: आधीच्या पाच टाक्या १३.८, सरासरी वेग १९. नंतरच्या चार टाक्या ११.६, सरासरी वेग २०. हवा तपासली, ब्रेक चिकटत नाहीत, डावीकडचा पुढचा टायर तीन महिन्यांपूर्वी बदलला. अशा माणसाशी सुपरवायझर वेगळ्या पद्धतीने बोलतो, गाडीला स्कॅनर लावतो.

तक्रार जॉब कार्डवर (सर्व्हिसची कामं लिहितात त्या कागदावर) तुमच्या आकड्यांसकट लिहून घ्या, विशेषतः गाडी वॉरंटीत असेल तर. ते टेस्ट ड्राइव्ह घेऊन ॲव्हरेज काढून दाखवतो म्हणाले तर सोबत बसा. टाकी कुठे आणि कशी भरतात ते बघा, एसी चालू ठेवायला सांगा. दहा-वीस किलोमीटरच्या टेस्टमध्ये कटच्या थोड्याशा फरकाने आकडा कुठच्या कुठे जातो, हे आता तुम्हाला माहीत आहे. तेव्हा निदान पन्नास किलोमीटरचा आग्रह धरा. इंजेक्टर क्लीनिंग किंवा डीकार्बनायझेशन (इंजिनातली काजळी काढणं) सुचवलं तर विचारा की स्कॅनमध्ये नेमकं काय दिसलं, आणि ते बिलावर लिहून मागा. काम झाल्यावर ओडोमीटरचं रीडिंग वहीत टाका, नेहमीच्या पंपावर टाकी फुल करा, आणि तिथून पुढे किमान तीन टाक्या मोजा.